लाल दिव्यावरची पट्टी

कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला, लेन्सच्या जरा वर, मुगाएवढा एक लाल दिवा असतो. चित्रण चालू असलं की तो पेटतो. समोरच्या माणसाला कळावं म्हणून असतो तो. एका उन्हाळ्यात, लालबागच्या खोलीत, सकाळी दार उघडल्या उघडल्या मी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. बोटानं नीट दाबून बसवली, कॅमेरा तिरका धरून उजेड कुठून गळतो का ते पाहिलं आणि मग खाली चहा प्यायला गेलो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नंदाला, म्हणजे बायकोलाही नाही. आणि नंदापासून काही लपवणं मला जमतं असा माझा लौकिक नाही.

आज हे वर आलं ते मिरचीमुळं. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतून लालबागकडं चालत निघालं की एप्रिलमध्ये एका वळणाशी नाक आधी पोचतं आणि आपण मागून. मोठाल्या कढयांत बेडगी मिरची भाजली जात असते, शेजारी धणे, खसखस, दगडफूल. आत मसाला कुटायची यंत्रं धाडधाड उसळत असतात. गिरगाव-दादरच्या बायका तोंडाला ओढणी गुंडाळून, पिशव्या पायांशी घेऊन उभ्या. दुसरीचा मसाला आपल्यात मिसळू नये म्हणून डोळ्यांतून पाणी वाहिलं तरी जागची हलत नाही एकही. सगळी गल्ली शिंकत असते. अपशकुन वगैरे कोणाच्या मनातही येत नाही, उलट शेजारच्या अनोळखी माणसाला हसू फुटतं. परवा तिथून जाताना मलाही आली. भर रस्त्यात, खणखणीत. आणि शिंकेपाठोपाठ कानात, तेव्हा माझ्या कॅमेऱ्यापुढं उभी राहणाऱ्या प्रज्ञाचा आवाज आला, "काका, ही घेतलीत का?"

माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात जिंकलेल्या लढाया फार नसतात. जी एक आहे ती त्या उन्हाळ्यातली. मिरचीच्या वासाबरोबर दर वर्षी ती परत येते, छाती थोडी फुगते, आणि मग ती पट्टी आठवते. छाती अर्धी फुगलेलीच राहते.

त्या हंगामात मी कामात नुकताच एकटा पडलो होतो. आधी लग्नांचे व्हिडिओ करायचो. तेव्हा दिवे धरायला माणूस, वायर ओढायला माणूस. मग दुकानांना मोबाइलवर उभे दिसणारे छोटे व्हिडिओ हवे झाले आणि ते करायला एक माणूस पुरतो असं सगळ्यांच्या लक्षात आलं. दिवा मीच लावायचा, साडीला इस्त्री मीच फिरवायची, कॅमेऱ्यामागं मीच, आणि "हनुवटी जरा खाली" म्हणणाराही मीच. सुरुवातीला मला त्याचा गर्वच वाटायचा. कोणाची कटकट नाही. एकट्याच्या खोलीत आपल्याला टोकणारंही कोणी उरत नाही, हे ध्यानात यायला वेळ लागला.

खोली आमच्या गावकरी मंडळाची. गिरणीत लागलेली आमच्या गावची माणसं इथं पाळीपाळीनं झोपायची, माझे वडीलही. त्यांच्या सदऱ्यांच्या खुंट्या अजून भिंतीत आहेत, कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर आहे, आणि खिडकीतून दिवसभर असा मऊ उजेड येतो की विकतचे दिवे लाजावेत. वडील सांगायचे, या खोलीच्या दाराला कडी होती पण ती कधी लागली नाही. कोणी ना कोणी पाळीवरून येतच असायचा. कडी लावायला सुरुवात केली ती मी.

प्रज्ञा पहिल्या दिवशी आली ती मावशीला घेऊन. प्रज्ञा परळच्या चाळीतली, सकाळी एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची आणि दुपारी साड्या नेसून कॅमेऱ्यापुढं उभी राहायची. उंच, सावळी, चालणं असं की साडीला आपोआप अर्थ यावा. शांतामावशी दारातच "जय भीम" म्हणाल्या, खोलीभर नजर फिरवली, खुंट्या पाहिल्या, तसबीर पाहिली, मला पाहिलं. मी दार लोटून घेतलं.

"दार कशाला लावताय, परबभाऊ?"

"मिरचीची धूळ येते, मावशी. कपड्यावर बसते."

"येऊ दे. खोकलू आम्ही."

दार उघडं राहिलं. मावशींनी उंबऱ्याशी सतरंजी अंथरली, पिशवीतून कैरी आणि सुरी काढली आणि जणू खोली त्यांच्याच नावावर आहे अशा बसल्या. मला राग आला होता. आपण सज्जन आहोत असं ज्यानं मनाशी ठरवून टाकलेलं असतं त्याला हा राग फार लवकर येतो. थोड्या वेळानं प्रज्ञाच्या निऱ्या सरळ करायला मी वाकून हात पुढं केला, लग्नात नवरीचा शेला-शालू आवरतो तसा. ती एक पाऊल मागं सरली. बोलल्या त्या मावशी.

"तोंड आहे ना तुम्हाला? सांगा की तिला. हात तिलाही आहेत."

प्रज्ञा हसू दाबत म्हणाली, "मावशी, गप ना."

"मी कुठं काय म्हटलं? मी कैरी चिरतेय."

त्या दिवसापासून मी तोंडानं सांगू लागलो. डावीकडची निरी जरा पुढं, पदराचा काठ वर, खांदा सैल. आणि एक नवल घडलं. हातानं केलेली निरी माझी असायची, सांगून केलेली तिची. ती स्वतः नीट करून उभी राहिली की चेहऱ्यावर एक मालकी यायची. मी ते टिपत गेलो. चांगलं काम होत होतं. मला ते कळत होतं.

आणखीही काहीतरी कळत होतं, आणि तिथंच मी घसरलो. "झालं" म्हटलं की प्रज्ञा बदलायची. उभी असताना ती सुंदर दिसायची. बसली की जिवंत दिसायची. पाय पसरून, पदर मांडीवर घेऊन, मावशीशी भांडत कैरी खाणारी ती मुलगी कॅमेऱ्यात कधी येतच नव्हती. कारण कॅमेरा दिसला की ती पुन्हा साडी दाखवायला लागायची. मी घरी जाऊन तेच आठवत पडायचो. ही माझ्या हातून निसटतेय, असं वाटायचं. कोणी मला ती दिली नव्हती, हा विचार तेव्हा शिवलाही नाही. लग्नाच्या दिवसांत दिव्यावर पट्टी लावायची आमची रीतच होती. लाल दिवा दिसला की वऱ्हाडी कॅमेऱ्याकडं बघून हात हलवत बसतात. ती जुनी पट्टी कधीच निघून गेली होती. मी नवी लावली.

डाळिंबी रंगाची नारायणपेठ होती त्या दिवशी. पदर उडतो म्हणून पंखा बंद. उकाड्यानं खिडकीचे गजही घामेजल्यासारखे दिसत होते. मी "झालं" म्हणालो आणि तिच्याकडं पाठ करून इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिलो. कॅमेरा तिच्याकडं तोंड करून चालूच. खालच्या गल्लीतून भाजलेल्या मिरचीचा लोट वर आला.

प्रज्ञा धपकन खाली बसली. खांद्यावरची पिन काढली, पदर सोडला, त्याच पदरानं मान पुसली. मग शिंकली. परत शिंकली. नाक लाल, डोळ्यांत पाणी.

"मावशी, तिखटानं शिंकायचं आणि वर कैरीला तिखटच लावून खायचं?"

"लालबागला कशाला आली मग? गिरगाव चौपाटीला जायचं होतं हवा खायला."

त्यावर ती जी हसली! शिंक आणि हसणं एकमेकांत अडकलं, हातातली फोड खाली पडली, ती पडलेली फोड मावशीनं उचलून फुंकर मारून पुन्हा तिच्या तोंडात कोंबली. मी थंड इस्त्री कोरड्या कापडावरून फिरवत होतो. पट्टीमागं तो मुगाएवढा दिवा पेटलेला होता.

रात्रभर वाट न पाहता तो तुकडा मी दादरच्या साडीवाल्या शेठना पाठवून दिला. शेठचा लगेच फोन. "परब, हे काय काढलंय तुम्ही! मी साडी बघायची विसरलो!" अक्षय्य तृतीयेच्या गर्दीसाठी त्यांनी तो दुकानाच्या दर्शनी पडद्यावर चढवला आणि वर म्हणाले, दिवाळीपर्यंतचं सगळं काम तुमचंच. मी घरी पेढे नेले. नंदा म्हणाली, "काय झाला तुमका? आज एकदम पेढे?" मी म्हणालो, काम लागलं. खोटं नव्हतं ते.

दुकानाचे ब्लाउज परत करायला प्रज्ञा तिथं गेली तेव्हा दारात गर्दी होती. सगळे माना वर करून पडद्याकडं बघत हसत होते. एका बाईनं वळून तिला विचारलं, "तुम्हीच ना त्या? नाक पुसताय त्या?"

ती सरळ लालबागला आली. एकटी. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"काका, मी बसले होते ना तेव्हा?"

"हो."

"तुम्ही 'झालं' म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग कॅमेरा?"

खाली यंत्रं धडधडत होती. मी म्हणालो, "राहून गेला गं चालू. दिव्यावर ती लग्नातली जुनी पट्टी आहे बघ. कळलंच नाही."

तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलं. पट्टी कोरी करकरीत, धुळीचा कण नाही. मला वाटलं, आता संपलं. पण ती म्हणाली, "होतं असं." आणि मग, "पण ते काढायला लावा. तिथं मी साडी दाखवत नव्हते काका. मी घरात बसते तशी बसले होते."

ते "होतं असं" मला इतकं जड गेलं की त्याच्या भारानं मी तडक दादरला गेलो. शौर्य वगैरे काही नव्हतं. खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून निदान दुसरं काहीतरी हिमतीचं करावं, असं झालं होतं. शेठ गादीवर, समोर गिऱ्हाइकं, पडद्यावर प्रज्ञा पुन्हा पुन्हा शिंकत होती.

"ते उतरवा, शेठ."

"कशाला? लोक थांबून बघतायत."

"तिला न सांगता घेतलंय. तिला नकोय."

"अहो परब, चेहरा दाखवायलाच आली होती ना ती? मॉडेल आहे!"

"उभी होती तेवढी तुमची, शेठ. बसली ती तिची."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं मला आजही माहीत नाही. जन्मभर शेठलोकांपुढं "बघतो, करतो" म्हणणारा माणूस मी. दोन साड्यांत अडकलेली एक बाई पुटपुटली, "बरोबर आहे की." शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग दिवाळीचं काम दुसऱ्याला जाईल, समजलं ना?"

"समजलं."

पडदा काळा झाला. पायऱ्या उतरताना, दादरच्या त्या भर बाजारात, फुलांच्या पाट्या आणि भाजीच्या आरोळ्यांमध्ये, मला नाचावंसं वाटलं. एवढं गमावून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तुकडा शेठच्या माणसाकडून पुसून घेतला, आणि प्रज्ञा-मावशीला खोलीवर बोलावून माझ्याकडचाही, त्यांच्या डोळ्यांदेखत. इतका सुंदर तुकडा मी पुन्हा काढला नाही. तो गेल्याचं दुःख मात्र एकदाही झालं नाही.

मावशी उठल्या. मग कॅमेऱ्याशी गेल्या, लेन्सचं झाकण टेबलावरून उचललं, लावून पाहिलं. टक्. काढलं. पुन्हा लावलं. टक्.

"हे असं. ती बसली की हे लागलं पाहिजे. मला इथून ऐकू आलं पाहिजे."

प्रज्ञानं नखानं दिव्यावरची पट्टी सोलून काढली. टाकायला जागा दिसेना म्हणून माझ्या वडिलांच्या खुंटीला चिकटवली. मग तीच डाळिंबी साडी नेसून आली, मधोमध बसली, पाय पसरले, पदर मांडीवर घेतला, पण या वेळी पिन खांद्यावरच ठेवली.

"आता लावा, काका. सांगून."

"चालू," मी म्हणालो. मोठ्यानं. लाल दिवा लखलखीत.

आधी काही म्हणजे काहीच जमेना. कैरी खाताना ती साडी दाखवायला लागली, मावशी कधी नव्हे त्या शुद्ध बोलायला लागल्या. "मावशी, बातम्या देताय का?" प्रज्ञा म्हणाली, आणि मावशी खवळल्या, आणि नेमका तेव्हाच खालून लोट आला. प्रज्ञाला शिंक आली. मावशीला आली. कॅमेऱ्यामागं मला आली. तिघंही शिंकतोय आणि हसतोय. डोळे पुसत प्रज्ञानं सरळ लेन्सकडं पाहिलं आणि विचारलं, "काका, ही घेतलीत का?"

घेतली होती. तिच्या परवानगीनं, तिच्या देखत, आणि जाण्याआधी तिला दाखवून. पहिल्या तुकड्यातली मुलगी कोणी बघत नाही म्हणून हसत होती. ही मुलगी सगळे बघतायत हे माहीत असून हसत होती. त्या हसण्याला पाठीचा कणा होता. मला वाटलं होतं, सांगितलं की जिवंतपणा पळून जातो. पळतो तो. पण माणूस विश्वासानं थोडा वेळ बसून राहिला तर जिवंतपणा परत येतो, आणि येताना काहीतरी घेऊन येतो.

तो व्हिडिओ गिरगावातल्या एका लहानशा दुकानानं घेतला. गल्लीच्या तोंडाशी, वर चढायला अरुंद जिना असलेलं दुकान. आठवडाभरात त्या जिन्यावर रांग. बायका यायच्या आणि म्हणायच्या, "ती शिंकेवाली साडी दाखवा." रंगाचं नाव नाही, विणीचं नाव नाही, शिंकेवाली! दुकानदार बिचारा आधी गोंधळला, मग शहाणा झाला आणि पाटीच लावली. लालबागच्या मसालेवाल्या बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "आमची मिरची फुकट वापरली ना रे?" कोणीतरी प्रज्ञाला बघून मुद्दाम खोटं खोटं शिंकायचं आणि ती खऱ्यासारखं दचकायची. गणपतीच्या आधी दादरच्या शेठचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "परब, आम्हाला पण एक शिंक पाहिजे."

मी म्हणालो, "मुलीला विचारून सांगतो."

ते वाक्य उच्चारताना मला जे सुख झालं ते लिहून सांगता येत नाही. प्रज्ञानं शेठना होकार दिला, पण अट घालून: मावशी उंबऱ्यावर, दार उघडं, झाकणाचा आवाज, आणि निघण्याआधी सगळं बघणार. शेठ कबूल. दिवाळीचं काम परत माझं.

मग तीच आमची पद्धत झाली. दर मिरचीच्या हंगामात त्या खोलीत नवनव्या मुली आल्या, मुलगे आले, एकदा एक सासू-सुनेची जोडी आली. प्रत्येक वेळी "चालू", प्रत्येक वेळी "बंद", आणि टक्. पुढं मावशींचे गुडघे गेले, त्या यायच्या थांबल्या, तरी दार उघडंच राहिलं. धूळ येतच राहिली. खोकलो आम्ही.

प्रज्ञा आता स्वतः एकटीनं व्हिडिओ करते. दादरला तिची जागा आहे. गेल्या पंधरवड्यात तिचा फोन आला. "काका, नवरीच्या बाबांचे कुडते आहेत. मला बाबा पाहिजेत. याल?"

"मी? अगं, माझं पोट बघितलंस का?"

"बाबांना असतंच. मानधन घ्यायचं, नाही म्हणायचं नाही."

नंदानं मला दाढी करून, केस विंचरून पाठवलं, जाताना म्हणाली, "दात दाखवून हसू नकात." आणि मी, इतकी वर्षं दुसऱ्यांना उभं करत आलेला, पहिल्यांदा लेन्सच्या त्या बाजूला उभा राहिलो. काय करायचं हातांचं? कुठं ठेवतात ते? तिच्या खोलीचं दार सताड उघडं. ती दोन पावलांवर थांबून म्हणाली, "काका, कॉलर एका बाजूला गेलीय. तुम्ही करता की मी करू?"

एवढासा प्रश्न. पण मी त्या कुडत्याचा मालक झालो. छाती आपोआप वर आली. प्रज्ञा म्हणाली, "चालू," आणि लाल दिवा उघडा, निर्मळ, माझ्याकडं बघत पेटला. ती "बंद" म्हणाली, झाकण वाजलं, आणि मी पोट सोडलं, पाय पसरले, घाम पुसला. कोणी बघत नव्हतं. इतकी वर्षं मी माणसांना जे द्यायला शिकलो ते मला मिळालं, आणि कळलं की ते केवढं मोठं आहे.

शेजारच्या खोलीतली दोन पोरं तिच्याकडं काम शिकायला येतात. प्रज्ञानं माझी ओळख करून दिली. "हे परबकाका. 'चालू-बंद' आणि झाकण, ही सगळी यांची पद्धत. एकदा यांचा कॅमेरा चुकून चालू राहिला, तर यांनी दिवाळीचं सगळं काम सोडलं, पण माझा व्हिडिओ उतरवायला लावला."

पोरांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी हसलो. दात न दाखवता.

परवा खोलीवर गेलो तेव्हा खुंटीकडं पाहिलं. पट्टी अजून आहे. कडा उलटल्या आहेत, वर लाल धुळीचा थर बसलाय. आता ती खरोखर जुनी दिसते. हे सगळं लिहिताना जाणवतंय की प्रज्ञाला न विचारता तिच्याबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा इस्त्रीकडं तोंड करून उभं राहणंच आहे. म्हणून हा लेख आधी तिला दाखवणार. ती "काढा" म्हणाली तर काढणार. तुमच्यापर्यंत पोचला, तर तिनं राहू द्या म्हटलंय असं समजा. पण कागद पुढं करणं म्हणजे सांगणं नव्हे. दार उघडं ठेवून, तिच्या समोर बसून, तोंडानं सांगायचं ते अजून बाकी आहे: कॅमेरा राहून गेला नव्हता, प्रज्ञा. मी चालू ठेवला होता, आणि पट्टी त्याच सकाळी लावली होती. एवढं मी तिचं देणं लागतो.